हरांबे शाळा

हरांबे शाळा : पूर्व आफ्रिकेतील केन्या या देशात ग्रामस्थांनी लोकवर्गणी व श्रमदान यांच्या आधारे उभारलेल्या आणि स्थानिक समित्यांनी चालविलेल्या शाळा. ‘हरांबे’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ ‘चला, सर्व मिळून ओढू या’ असा असून जड ओझे उचलताना वा ओढताना मजूर एका सुरात हा शब्द उच्चारीत. रेल्वेमार्गाच्या बांधणीसाठी आलेल्या हिंदी मजुरांच्या अंबामातेच्या जयघोषापासून तो रूढ झाला, असा एक प्रवाद पूर्व आफ्रिकेत आढळतो. तथापि तो सिद्ध झालेला नाही. स्वातंत्र्याच्या वेळी, १९६३ मध्ये, जोमो केन्याटा यांनी हा शब्द राष्ट्रीय घोषवाक्य म्हणून स्वीकारला व केन्याच्या राजचिन्हावर तो कोरला गेला. रस्ते, दवाखाने, पाणीपुरवठा इ. अनेक कामे या चळवळीतून झाली. परंतु तिचे सर्वांत मोठे व दूरगामी कार्य शिक्षणक्षेत्रातील होय. विकसनशील देशांत शासन व स्थानिक समाज यांच्या भागीदारीतून मुलांना शाळेची दारे कितपत खुली करता येतात आणि या भागीदारीच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्याच्या दृष्टीने हरांबे शाळांचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे.

पार्श्वभूमी : परस्परसाहाय्याने शेतीची व घरबांधणीची कामे उरकण्याची प्रथा केन्यातील बहुतेक जमातींत पूर्वापार चालत आली आहे. महाराष्ट्रातील इर्जिक वा सावड यांच्याशी तिचे साम्य आहे. किकुयू लोक तिला ‘न्ग्वातियो’, कांबा लोक ‘म्वेथ्या’, तर लुओ लोक ‘सागा’ म्हणतात. ब्रिटिश अमदानीत या प्रथेला शाळेच्या रूपाने नवे उद्दिष्ट लाभले.

वसाहतीच्या काळात शिक्षणव्यवस्था वंशभेदावर आधारलेली होती. यूरोपीय, आशियाई व आफ्रिकी मुलांसाठी वेगवेगळ्या शाळा असत. शासकीय शिक्षणखाते १९११ मध्ये स्थापन झाले. पण आफ्रिकी मुलांचे शिक्षण मुख्यत्वे ख्रिस्ती मिशनांच्या हाती राहिले. या शिक्षणात धर्मशिक्षणावर व हस्तव्यवसायांवर भर असे. इंग्रजीचे व वरच्या इयत्तांचे शिक्षण फारच थोड्यांच्या वाट्यास येई. प्रॉटेस्टंट मिशनांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली अलायन्स हायस्कूल ही आफ्रिकी मुलांसाठीची पहिली माध्यमिक शाळा होय. गोऱ्या मळेवाल्यांच्या देशात कारकुनी, शिक्षकी यांसारखी पदे मिळविण्याचा आणि राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचा एकमेव मार्ग म्हणजे शाळा, ही जाणीव आफ्रिकी समाजात झपाट्याने वाढत गेली आणि तिच्यातूनच स्वतःच्या शाळा काढण्याची प्रेरणा निर्माण झाली.

न्यान्झा भागात जॉन ओवालो यांनी १९१० च्या सुमारास मिशनांपासून स्वतंत्र असा ‘नोमिया लुओ’ हा पंथ स्थापन केला व त्याच्यामार्फत शाळाही काढल्या. पुढे १९२४ मध्ये शासनाने स्थानिक आफ्रिकी परिषदा स्थापन केल्या, तेव्हा अनेक परिषदांनी लोकांवर जादा पट्टी बसवून ती रक्कम शाळांसाठी राखून ठेवली. काकामेगा, किसी व कागुमो येथील शासकीय शाळांच्या उभारणीला अशा निधीचा आधार मिळाला.

मध्य केन्यातील किकुयू प्रदेशात हा प्रवाह अधिक वेगवान झाला. मुलींच्या सुंतेच्या प्रथेविरुद्ध मिशनांनी १९२९ मध्ये कडक धोरण स्वीकारले व आपल्या अनुयायांकडून तशी शपथ मागितली. त्यावरून उद्‌भवलेल्या संघर्षात हजारो कुटुंबांनी मिशनांशी संबंध तोडले. वादाचे तात्कालिक कारण हे असले, तरी जमिनीविषयीचा असंतोष आणि शाळांवर आपले नियंत्रण असावे ही मागणीही त्यामागे होती. मिशनांच्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी गावोगावी नव्या शाळा निघाल्या आणि त्यांचे व्यवस्थापन ‘किकुयू स्वतंत्र शाळा संघ’ व ‘किकुयू करिंगा शिक्षण संघ’ या दोन संघटनांकडे आले. शिक्षकांची वाण भासू लागल्याने १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे आफ्रिकी अध्यापक विद्यालय सुरू करण्यात आले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले पीटर म्बियू कोइनांगे हे त्याचे संस्थापक व पहिले प्राचार्य होत. किकुयू समाजातील वयोगटांनी (एकाच काळात दीक्षाविधी झालेल्यांचे गट) आपापसांत स्पर्धा करून त्यासाठी निधी जमविला. पुढे जोमो केन्याटा यांनीही या विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

आफ्रिकी शिक्षणाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या बीचर समितीने १९४९ मध्ये आपला अहवाल सादर केला. प्रत्येकी चार वर्षांचे तीन टप्पे, टप्प्यांच्या शेवटी चाळणी परीक्षा आणि शाळांवर कडक देखरेख या तिच्या प्रमुख शिफारशी होत्या. आपल्या मुलांची वाट अडविण्यासाठीच हे धोरण आखले आहे, असा संशय लोकांत पसरला. माऊ माऊ उठावामुळे ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर शासनाने गिथुंगुरीचे विद्यालय व बहुतेक स्वतंत्र शाळा बंद केल्या. लोकांनी स्वतःच्या पैशाने उभारलेली शाळा शासन एका आज्ञेने बंद करू शकते, हा अनुभव त्या पिढीच्या मनावर खोल कोरला गेला.

स्वातंत्र्योत्तर प्रसार : केन्या १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. त्या वर्षी देशात सु. ६,००० प्राथमिक शाळा होत्या व त्यांत सु. ८ लाख ९० हजार मुले शिकत होती; माध्यमिक शाळा मात्र अवघ्या १५१ असून त्यांतील विद्यार्थिसंख्या सु. ३०,००० होती. प्राथमिक शाळेच्या शेवटी होणारी परीक्षा उत्तीर्ण होऊनही बहुसंख्य मुलांना माध्यमिक शाळेत जागा मिळत नसे. सात वर्षांचे प्राथमिक शिक्षण निःशुल्क करण्याचे आश्वासन सत्तारूढ पक्षाने (केन्या आफ्रिकन नॅशनल युनियन) निवडणूक-जाहीरनाम्यात दिले होते. परंतु ओमिंडे आयोगाच्या (१९६४) शिफारशींनुसार शासनाने प्रशासनासाठी लागणाऱ्या उच्चशिक्षित मनुष्यबळास अग्रक्रम दिला. शासकीय माध्यमिक शाळा वाढल्या, तरी मागणीच्या मानाने त्या अपुऱ्याच राहिल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी लोकांनी ‘हरांबे’ची हाक शब्दशः घेतली व स्वतःच माध्यमिक शाळा उभारण्यास सुरुवात केली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विनाअनुदानित माध्यमिक शाळांची संख्या शासकीय व अनुदानित शाळांहून अधिक झाली. त्यांतील बहुसंख्य हरांबे शाळा होत्या.

ही चळवळ केवळ माध्यमिक शाळांपुरती मर्यादित राहिली नाही. १९७० नंतरच्या दशकारंभी निरनिराळ्या जिल्ह्यांत तंत्रविद्यालये काढण्याची चढाओढ लागली. न्येरी येथील किमाथी तंत्रविद्यालय व काकामेगा येथील पश्चिम केन्यातील कला व उपयोजित विज्ञान महाविद्यालय या लोकनिधीतून निघालेल्या संस्थांचे पुढे विद्यापीठांत रूपांतर झाले.

कार्यपद्धती : हरांबे शाळेची सुरुवात बहुधा एखाद्या समितीपासून होई. गावातील वडीलधारी मंडळी, शासननियुक्त गावप्रमुख, चर्चचे प्रतिनिधी, शिक्षक व व्यापारी यांचा तीत समावेश असे. जागा बहुधा गावाच्या मालकीची वा देणगीदाखल मिळालेली असे. त्यानंतर निधिसंकलनाची जाहीर सभा भरे. प्रत्येक कुटुंबाने रोख वर्गणी द्यावी; ज्यांच्याजवळ पैसा नसेल त्यांनी कोंबडी, बकरे वा धान्य द्यावे आणि सभेतच त्यांचा लिलाव व्हावा, अशी रीत होती. स्त्रिया दगड, वाळू व पाणी वाहून आणीत. पुरुष भिंती व छपराचे काम करीत. शहरात नोकरीस असलेले गावकरी आपला वाटा पाठवीत. प्रमुख पाहुणा म्हणून आलेला मंत्री वा लोकप्रतिनिधी मोठी देणगी जाहीर करी.

एकदोन वर्गखोल्या होताच पहिला वर्ग सुरू करण्यात येई व प्रतिवर्षी एकेक वर्ग वाढविला जाई. शाळेची शासनदरबारी नोंदणी करणे आवश्यक असे. शिक्षकांचे वेतन मात्र विद्यार्थ्यांच्या शुल्कातून द्यावे लागे. काही वर्षांनी शासनाने एखाददुसरा प्रशिक्षित शिक्षक पुरवावा, पुढे अनुदान द्यावे आणि अखेर शाळा ताब्यात घ्यावी, अशी समितीची अपेक्षा असे. आधी इमारत उभी करावी म्हणजे शासनाला मागे हटणे अवघड होईल, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. १९६७ मध्ये शिक्षक सेवा आयोग अस्तित्वात आला व शासकीय शाळांतील शिक्षकांच्या नेमणुका त्याच्याकडे आल्या. १९६८ च्या शिक्षण अधिनियमान्वये मिशनांच्या शाळांचे व्यवस्थापनही सार्वजनिक यंत्रणेकडे आले व चर्चकडे केवळ प्रायोजकाची भूमिका उरली. त्यामुळे शासनाकडून शिक्षक मिळविणे हे प्रत्येक हरांबे समितीचे मुख्य ध्येय बनले.

उणिवा व विषमता : हरांबे शाळांमुळे लाखो मुलांना प्राथमिक शाळेपुढील शिक्षण मिळाले, हे त्यांचे निर्विवाद यश होय. मुलींच्या बाबतीत ते विशेष जाणवते. शासकीय माध्यमिक शाळांत मुलींसाठी जागा फार थोड्या होत्या; गावाजवळच्या हरांबे शाळेमुळे पालक मुलींना पुढे शिकविण्यास तयार होऊ लागले. तथापि यातच एक विसंगती होती. शासकीय शाळांत प्रवेश परीक्षेतील गुणांवर मिळे, सुविधा उत्तम असत व शुल्क तुलनेने कमी असे. हरांबे शाळांत मात्र शुल्क अधिक, शिक्षक बहुधा अप्रशिक्षित, प्रयोगशाळा व ग्रंथालये यांचा अभाव आणि परीक्षेचे निकाल निकृष्ट, अशी स्थिती होती. म्हणजे ज्यांना राज्याची मदत मिळत नव्हती, तेच कमी दर्जाच्या शिक्षणासाठी अधिक किंमत मोजीत होते आणि मुलींचे प्रमाण याच शाळांत अधिक होते.

प्रादेशिक विषमताही वाढली. शाळा गरजेच्या प्रमाणात नव्हे, तर वर्गणीच्या क्षमतेच्या प्रमाणात निघत. चहाकॉफीचे उत्पन्न, मिशनांच्या शिक्षणाची जुनी परंपरा आणि राजधानीत वजन असलेले पुढारी या तिन्हींचा लाभ मध्य प्रांताला झाला. न्यान्झा व पश्चिम प्रांतांतही शाळा पुष्कळ निघाल्या. याउलट उत्तरेकडील तुर्काना, मार्साबिट, वजीर, मांडेरा यांसारख्या रुक्ष व पशुपालक प्रदेशांत लोकवस्ती विरळ व फिरती असल्याने अशी चळवळ रुजणे कठीण होते. अशा जिल्ह्यांतील प्राथमिक शुल्क शासनाने १९७१ मध्ये रद्द केले; परंतु शुल्कमाफीने तेथे शाळा उभ्या राहिल्या नाहीत.

निधिसंकलनाच्या स्वरूपातही हळूहळू पालट झाला. जाहीर सभेत दिलेली देणगी हे निवडणुकीतील बळाचे मोजमाप ठरू लागले. देणगीदाराच्या पैशाचा उगम विचारण्याची सोय नव्हती. काही ठिकाणी गावप्रमुखांनी वर्गणी सक्तीने वसूल केल्याच्या तक्रारी झाल्या. ऐच्छिक सहकार्य व अनधिकृत कर यांतील सीमारेषा पुसट झाली. २००३ च्या सार्वजनिक अधिकारी नीतिसंहिता अधिनियमाने शासकीय अधिकाऱ्यांच्या निधिसंकलनावर निर्बंध घातले, ते याच पार्श्वभूमीवर.

निःशुल्क शिक्षण आणि लोकवर्गणी : शुल्कमाफी व स्थानिक वर्गणी यांचा परस्परसंबंध १९७४ च्या घटनांवरून स्पष्ट होतो. १२ डिसेंबर १९७३ रोजी अध्यक्ष केन्याटा यांनी प्राथमिक शाळेच्या पहिल्या चार इयत्तांचे शुल्क रद्द केल्याची घोषणा केली. जानेवारी १९७४ मध्ये शाळा उघडल्या, तेव्हा प्राथमिक शाळांतील एकूण विद्यार्थिसंख्या सु. १८ लाखांवरून सु. २८ लाखांवर गेली. पहिलीच्या वर्गात अपेक्षित चार लाखांऐवजी जवळजवळ दहा लाख मुले दाखल झाली. इतक्या मुलांसाठी वर्गखोल्या, बाके वा शिक्षक उपलब्ध नव्हते. शुल्काचे उत्पन्न बुडालेल्या शाळासमित्यांनी मग ‘इमारतनिधी’ या नावाने नवी वर्गणी बसविली. अनेक जिल्ह्यांत ही वर्गणी पूर्वीच्या शुल्काहून अधिक होती. परिणामी जी मुले शुल्कमाफीमुळे प्रथमच शाळेत आली होती, त्यांतील अनेक मुले लवकरच शाळेबाहेर पडली. शुल्क नाव बदलून परत आले होते.

केन्याटा यांच्या निधनानंतर (१९७८) अध्यक्ष झालेल्या डॅनियल अराप मोई यांनी प्राथमिक शाळांतील उरलेले शुल्क रद्द केले व शाळेत दूधवाटपाची योजना सुरू केली. १९८५ मध्ये आठ वर्षे प्राथमिक, चार वर्षे माध्यमिक व चार वर्षे विद्यापीठीय अशी नवी शिक्षणरचना अंमलात आली. तीनुसार प्रत्येक प्राथमिक शाळेस आठव्या इयत्तेसाठी वर्गखोली व हस्तव्यवसायासाठी कार्यशाळा बांधणे भाग पडले आणि हा भार पुन्हा पालकांवरच आला. १९८८ पासून शासनाने ‘खर्चविभागणी’चे धोरण अधिकृतपणे स्वीकारले. त्याअन्वये शिक्षकांचे वेतन शासनाकडे, तर इमारती, पुस्तके व इतर साहित्य पालकांकडे, अशी वाटणी झाली. आर्थिक ओढग्रस्तीच्या १९९० नंतरच्या दशकात अनेक कुटुंबांना हा खर्च पेलला नाही व प्राथमिक शाळेतील मुलांचे प्रमाण घटले. दरम्यानच्या काळात हरांबे माध्यमिक शाळांना शासकीय शिक्षक मिळत गेले व त्यांचा सार्वजनिक शाळांत समावेश झाला. लोकांनी आरंभी केलेला हिशेब अशा रीतीने बऱ्याच अंशी खरा ठरला. मात्र त्यासाठी दोन दशके जावी लागली.

जानेवारी २००३ मध्ये नव्या शासनाने प्राथमिक शिक्षण पुन्हा निःशुल्क केले. विद्यार्थिसंख्या सु. ५९ लाखांवरून सु. ७२ लाखांवर गेली. या वेळी १९७४ मधील अनुभव लक्षात घेऊन दर विद्यार्थ्यामागे वार्षिक १,०२० शिलिंग अनुदान थेट शाळेच्या बँकखात्यात जमा करण्याची तरतूद करण्यात आली. पालकप्रतिनिधींचा समावेश असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने ते खर्च करावयाचे, त्याचा हिशेब लोकांपुढे मांडावयाचा आणि अनुमतीवाचून कोणतीही वर्गणी गोळा करावयाची नाही, असे नियम ठरले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मतदारसंघ विकास निधीसाठी राष्ट्रीय महसुलाचा किमान अडीच टक्के भाग राखून ठेवण्यात आला. वर्गखोल्यांच्या बांधकामाला त्यातून साहाय्य मिळू लागले. पूर्वी हरांबेच्या सभेत जमणाऱ्या पैशाची जागा अंशतः सार्वजनिक निधीने घेतली. एल्डोरेट येथील प्राथमिक शाळेत जानेवारी २००४ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी पहिलीत दाखल झालेले किमानी मरुगे यांचे उदाहरण जगभर गाजले. शुल्काची अट दूर होताच शाळेची आस किती जुनी होती, हे त्यावरून दिसून आले.

अडचणी मात्र संपल्या नाहीत. वर्गांत गर्दी झाली, शिक्षकांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही व काही पालकांनी मुलांना खाजगी शाळांत घातले. निधीतील अपहार २००९ मध्ये उघडकीस आल्यावर ब्रिटन व अमेरिका यांनी या कार्यक्रमाची मदत स्थगित केली. स्थानिक समितीला अधिकार असले, तरी वरच्या पातळीवरील गैरव्यवहार रोखण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते, हे यातून स्पष्ट झाले. २००८ पासून माध्यमिक शाळांचे दिवसवर्गाचे शिकवणी शुल्कही शासनाने उचलले. तरी गणवेश, भोजन, वसतिगृह यांचा खर्च पालकांकडेच राहिला. २०१० च्या संविधानाने निःशुल्क व सक्तीचे मूलभूत शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क म्हणून मान्य केला. २०१३ च्या मूलभूत शिक्षण अधिनियमाने त्याची तपशीलवार व्यवस्था लावली.

मूल्यमापन : हरांबे शाळांविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते त्या आफ्रिकी स्वावलंबनाचा उत्कृष्ट आविष्कार होत; तर काहींच्या मते शासनाने स्वतःची जबाबदारी गरिबांच्या खांद्यावर टाकण्याचे ते एक साधन होते. इतिहासाच्या कसोटीवर या दोन्ही मतांत तथ्यांश आढळतो. शासनाच्या योजनेची वाट पाहिली असती, तर केन्यातील एक संपूर्ण पिढी माध्यमिक शाळेबाहेर राहिली असती. गावाने उभारलेल्या शाळेविषयी गावाला वाटणारी आपुलकी, तिच्या कारभारावरील लक्ष आणि मुलींना घराजवळ शिकविण्याची सोय या गोष्टी केवळ शासकीय आदेशाने साध्य झाल्या नसत्या.

तथापि शाळा उभारणे आणि तीत प्रत्येक मुलाला प्रवेश मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दगड वाहून आणणाऱ्या स्त्रीचे श्रम भिंत उभी करू शकतात; दरवर्षीचे शिक्षकाचे वेतन त्या श्रमांतून निघत नाही. ते शुल्कातून काढू लागताच, जिने भिंतीसाठी दगड वाहिले तिचेच मूल दाराबाहेर राहण्याचा संभव निर्माण होतो. १९७४ व १९९० नंतरच्या दशकातील अनुभव हेच सांगतात. जेथे लोकांचा वाटा जागा, श्रम व देखरेख एवढ्यापुरता राहिला आणि आवर्ती खर्च राज्याने उचलला, तेथे ही भागीदारी टिकली व मुले शाळेत राहिली. जेथे हा आवर्ती खर्चही गावावर सोपविला गेला, तेथे शाळा उरली, पण सर्वांत गरीब मुले तिच्यातून गळाली. शिक्षणप्रसारासाठी स्थानिक सहकार्यावर विसंबणाऱ्या अन्य विकसनशील देशांनाही केन्याचा हा अनुभव मार्गदर्शक आहे.